गाण्यासाठी मांडव

गंजाडच्या पाड्यावर इतिहास मंडळ निघालं ते एकाच प्रश्नापायी. इथं पहिलं घर कुणाचं? ज्याचं पहिलं घर, त्याने वाघबारशीला वाघदेवापुढे पहिला नारळ फोडायचा. तो मान आपलाच, असं अध्यक्ष लडक्या म्हणे. उपाध्यक्ष रूपेशही तेच म्हणे. दोघांकडे पुरावा एकच, आवाज.

लडक्याच्या रखमीला नारळाचं काही पडलं नव्हतं. त्याच्या घरी नांदून तिला नातवंडं झाली, पण लग्न लागायचं राहिलं होतं. पाड्यात त्यात गैर नाही. संसार आधी, मांडव जमेल तेव्हा. लडक्याला मात्र जमतच नव्हतं. एका साली भात आडवं पडलं, भात आलं त्या साली बैल मेला. आणि लग्न न लागलेल्या बाईने लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवाचा चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायचा नसतो. रखमीच्या बोटांची रेघ पाड्यात सगळ्यांत सरळ, तरी ती दुसरीला पीठ कालवून द्यायची.

मंडळ शेवटी बायजीकडे गेलं. बायजी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी. पहिल्या घराचं नाव लग्नाच्या गाण्यात आहे, ती म्हणाली, पण मांडवाबाहेर गाणार नाही. मंडळातल्या, मसोलीला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या दीपेशने मोबाइल पुढे केला, दोनच ओळी म्हण म्हणाला.

"देव आले नि नवरी कुठं म्हणाले, तर हा मोबाइल दाखवू?" बायजी म्हणाली.

संध्याकाळी भाकरी वाढताना रखमीने सहज सांगितलं, की रूपेशची चिमीही बिनलग्नाचीच आहे आणि आता मांडवाचं बोलते आहे.

"ज्याच्या मांडवात गाणं, त्याचा आजा गाण्यात आधी निघेल, असं लोक बोलतात."

लडक्याचा घास थांबला. "कोण लोक?"

"मी नि चिमी."

उन्हाळ्यात लडक्याच्या दारी मांडव पडला. अख्खं मंडळ मोबाइल उगारून बसलं. बायजीने पृथ्वी घडली तिथपासून धरलं. हळद लागली तेव्हा डोंगर झाले होते, अक्षता पडल्या तेव्हा भाताचं बी आलं होतं. मग ती पान खायला उठली.

लडक्या नवरदेवाच्या बाशिंगासकट धावला. "आणि माणसं?"

"माणसं पुढच्या लग्नात. एका लग्नात एवढंच मावतं."

दुसऱ्या दिवशी रूपेश बायजीकडे तारीख काढायला गेला. त्याच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही, लडक्याने घरी बजावलं.

"तू नको येऊ," रखमी म्हणाली. "मला चौक लिहायचाय."