हलका हात

नर्सचा हात हलका असला की तिचं कौतुक होतं. माझाही हात हलका आहे, पण मी कत्तलखान्यात बोकड कापतो. बोकडाच्या डोळ्यांवर डावा तळवा ठेवायचा आणि तो शांत झाला की एकदाच सुरी फिरवायची, हे मला जमतं.

गेल्या महिन्यात मुलगी भरल्या ताटावरून उठली. "बाबा, हे सोडा, नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही."

मी मांस सोडलं, कामही सोडलं. म्हटलं, सुटलो एकदाचा.

आठ दिवसांनी कामावरच्या कपाटाची किल्ली परत द्यायला गेलो, तर फाटकापासूनच किंकाळ्या ऐकू आल्या. वीस वर्षांत तिथे असं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या जागी आलेला माणूस एकाच बोकडावर चौथ्यांदा सुरी फिरवत होता.

"शिकेल हळूहळू," मुकादम म्हणाला.

"कुणाच्या जिवावर शिकेल?" मी ओरडलो आणि सुरी हिसकावून घेतली.

संध्याकाळी मुलीला माझ्या कपड्यांचा वास आला. तिने एवढंच विचारलं, "आज किती?"

"चाळीस," मी म्हणालो. "पण एकही ओरडला नाही गं."

ती आपलं ताट उचलून आत गेली. अजून बोललेली नाही.