सुरईची मान

भट्टीच्या दाराच्या विटा फोडल्या तेव्हा रुपराव मागेच उभे राहिले. कामठी रोडवरच्या त्या कारखान्यात लोणच्याच्या बरण्या आणि विजेच्या खांबांवरचे पांढरे कप भाजले जात. फोरमन देवराव एका कोपऱ्यात रुपरावांच्या कामाला जागा देई. ड्रॉइंग मास्तरकीतून सुटल्यापासून अकरा वर्षं रुपराव जुन्या चिनी घाटाची, उंच मानेची एक पांढरी सुरई करू पाहत होते. एकही धड निघाली नव्हती. मुंबईच्या प्रदर्शनाला काम पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. चाकावर आताशा फार वेळ बसवत नसे. पुढच्या वर्षाचं त्यांनी मनातही धरलं नव्हतं.

देवरावनं सुरई बाहेर आणली. "झिलई तं पाहा, मास्तर! दुधावानी उतरली."

खरंच तशी होती. पण मान डावीकडे कलली होती.

"वली असताना सरळ केली होती ना तुमी?"

रुपरावांनी सुरई हातात घेतली. चाकावरून उतरवताना मान कलली, तेव्हा त्यांनीच बोटांनी हळूच ढकलून ती उभी केली होती. आचेत ती पुन्हा आपल्या जागी गेली. ही माती असंच करते, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आणि ज्या चिनी ऋषींची पुस्तकं ते इतकी वर्षं वाचत होते, त्यांचं सांगणं तरी काय होतं? जबरदस्ती करू नका.

"बूड एका बाजूनं घासून देऊ? मान सीधी दिसन."

"नको."

"मंग तुमच्या चिनी बाबायलेच विचारा," देवराव हसला.

रिक्षात सुरई मांडीवर घेऊन ते घरी आले. बायकोनं, वच्छलाबाईंनी, ती निरखून पाहिली.

"मले तं अशीच आवडली. कोणी दारातून वाकून पाहून राहिलं जसं. तोंड काहून पाडलं?"

"लोक म्हणतील, मुद्दाम केलं. मोठं तत्त्वज्ञान आहे म्हणतील."

"म्हणू द्या ना."

"आणि मी काय म्हणू?"

"जन्मात कधी बोलले का तुमी? आताच काय बोलणार हाय?"

प्रदर्शनाच्या प्रवेशिकेत 'कामामागची कल्पना' असा रकाना होता. आठ दिवसांपूर्वी रुपरावांनी त्यात पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या होत्या: शून्य, प्रवाह, निसर्गाशी एकरूपता. अक्षर सुरेख होतं. त्यांनी ते खोडरबरानं पुसलं. कागद विरविरीत झाला. पाठवूच नये, हे सर्वांत सोपं होतं. जेवून आडवं होता आलं असतं. मग त्यांनी लिहिलं:

'मान कलली होती. मी सरळ केली. भट्टीत ती पुन्हा कलली.'

हेडमास्तरांच्या नोटिशीला दिलेल्या खुलाशासारखं ते वाटत होतं. तरी त्यांनी खाली सही केली.

"गुंडाळायला जुनं लुगडं दे गं," ते म्हणाले.

"निळं नका घेऊ. त्याची गोधडी करायची हाय."

पार्सल ऑफिस चारला बंद होई. साडेतीन वाजले होते. रुपरावांनी चपला घातल्या.