साक्षीदार नळी

सोमवारी सकाळी पर्स खांद्यावरून उतरायच्या आतच तिला तो प्लग दिसला. टेबलाखाली, भिंतीशी, उताणा पडलेला. शनिवारी दुपारी दूध काढायचं यंत्र लावायला तिनेच पाण्याचे नमुने उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचा प्लग काढला होता. तेवढ्यात घरून फोन आला, मागे बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि ती तशीच निघाली होती.

तिने इन्क्युबेटरचं दार उघडून आत हात घातला. ऊब नव्हती. शहरातल्या नळांचं पाणी भरलेल्या नळ्या ओळीने गार उभ्या होत्या. शेवटची नळी मुद्दाम जंतू घातलेल्या पाण्याची. तिला प्रयोगशाळेत सगळे साक्षीदार म्हणत. चोवीस तासांच्या उबेत साक्षीदार गढूळ झाला, तरच बाकीच्यांच्या स्वच्छपणावर विश्वास ठेवायचा. तिने नळी खिडकीकडे धरली. साक्षीदार नितळ होता.

म्हणजे सगळं पहिल्यापासून करणं आलं. निदान चूक तरी लिहून ठेवावी म्हणून तिने नोंदवही ओढली. रविवारचा रकाना भरलेला होता. सर्व नमुने पिण्यायोग्य. साक्षीदार : गढूळ. अक्षर मोत्यासारखं.

त्या अक्षरावरूनच साहेबांनी तिच्या सहकारिणीचं नाव ठेवलं होतं, मोतीबाई. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा मोतीबाई तिच्या हाताखाली होती. ती परत आली तेव्हा मोतीबाई विभागप्रमुखाच्या खुर्चीत होती. वर रविवारची ड्युटीही मोतीबाईने आपणहून मागून घेतलेली. "तू बाळाकडे बघ गं. माझ्या मागे कोण बसलंय रडायला?" साहेबांसमोर म्हणाली होती. साहेबांना भरून आलं होतं. तिला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

तिने मागची पानं चाळली. पाच महिन्यांत एकाही रविवारी एकही नमुना बिघडलेला नव्हता.

"आज सूर्य कुठे उगवला? माझ्या आधी हजर?" मोतीबाई दारातून म्हणाली. तिच्या कपड्यांवर कधी दुधाचा डाग नसे, केसही कसे जागच्या जागी.

"काल आली होतीस?"

"रविवार म्हटल्यावर यावंच लागतं बाई. का गं?"

"सहज विचारलं."

"चेहरा बघ तुझा. झोपू देत नाही का लबाड? जा, चहा घे, मी बघते इथलं."

मोतीबाई हात धुवायला गेली तेव्हा तिने मोबाइलवर फोटो काढले. वही, प्लग, साक्षीदार.  आपण घाबरलोय असं तिला आधी वाटलं. मग खिडकीच्या काचेत तिने स्वतःचं हसू पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले.

संध्याकाळी नवरा बाळाचा लंगोट बदलत होता.

"दक्षता कार्यालयात जायचं म्हणतेस. पण प्लग तूच काढलेलास ना?"

"हो."

"मग आधी तूच सापडशील. पगारवाढ अडकेल, बदली होईल. याला एवढ्याशाला घेऊन कुठे जाणार?"

"लोक ते पाणी पितायत."

"कबूल." त्याने बाळाचा पाय हळूच दुमडला. "एक विचारू? रागावू नकोस. तिच्या जागी दुसरं कोणी असतं, तरी गेली असतीस?"

तिने बाळाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा घट्ट केलं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी आता कशाला उकळतेस दरवेळी? तुमच्याच ऑफिसने पाणी चांगलंय म्हणून कळवलंय ना?"

तिने पातेलं गॅसवर ठेवलं आणि उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दक्षता कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत फॉर्म पुढे सरकवला. घटना कशी लक्षात आली, या ओळीसमोर तिने भराभर लिहिलं : इन्क्युबेटरचा प्लग मी काढला होता, परत लावायला विसरले. वाटलं होतं तितकं ते जड गेलं नाही.

खालची ओळ होती : संबंधित व्यक्तीबद्दल आपल्या मनात आकस आहे का?

पेन थांबलं. छातीशी कपडा ओला होत होता. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती. तिने ओढणी पुढे घेतली आणि एक शब्द लिहिला.

बाईंनी फॉर्म वाचला. परत वाचला.

"अहो ताई, इथे सगळे 'नाही' लिहितात."

"असतील लिहीत."

"असं लिहिलंत तर तक्रार लंगडी पडते. त्या म्हणतील, जळते माझ्यावर."

"खोटं नाही म्हणणार त्या."

 बाईंनी खणातून कोरा फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. "घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळतंय?"

तिने कोरा फॉर्म परत सरकवला आणि स्वतःचा जवळ ओढला. तिचं अक्षर पहिल्यापासूनच कोंबडीचे पाय. 'आहे' मधला 'ह' तर कुणाला लागलाच नसता.

तिने तो शब्द पुन्हा, सावकाश गिरवला.