ज्याचा रिपोर्ट आधी

२०२०च्या जूनमध्ये आमचा मुलगा सौरव पुण्याहून घरी आला तो क्वारंटाईन टाळून, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका चुकवत, निपाणीकडच्या आडवाटेने. आल्या दिवसापासून खोकत होता. आम्ही त्याला माडीवर ठेवलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा लावला. जवळच्या बेळगुंदी गावची यशोदाबाई दहा वर्षं आमच्याकडे भांडी करते. तिला काही आम्ही 'येऊ नको' म्हटलं नाही.

ताप आधी तिला चढला. तिच्या गावच्या आशाताईने तिला तपासणीला नेलं आणि पाठोपाठ आरोग्यवाले आमच्या दारात. मग सौरवही पॉझिटिव्ह निघाला. सरकारी यादीत ज्याचा रिपोर्ट आधी, त्याचा नंबर आधी. सौरवच्या नंबरापुढे लिहिलं गेलं, यशोदाबाईच्या संपर्कातून लागण. माझे यजमान मार्तंड वकील आहेत, एरवी शब्दाशब्दाला हरकत घेतात. त्या दिवशी घेतली नाही. मीही गप्प बसले. पेपरात आलं, 'मोलकरणीमुळे वकिलाच्या घरात कोरोना'.

मग काय, आमचं कौतुकच सुरू झालं. कुणी फाटकावर सूप ठेवून जायचं, कुणी फोनवर कामाच्या बायकांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलायचं. तिकडे यशोदाबाईच्या गल्लीची वाट अडवायला बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. ती बरी होऊन आली तरी डेअरीत तिच्या म्हशीचं दूध घेईनात. हे मला आशाताईकडून कळलं होतं, तरी मी सूप पीत होते. सांगायला लाज वाटते.

महिन्याने तिचा फोन आला.

"आक्का, माझ्यामुळं सौरवबाळाला तरास झाला. चुकलं माझं."

माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "यशोदाबाई, तो आला तेव्हाच आजारी होता गं. तुला त्याच्यामुळे झालं."

"म्हाईत हाय की. त्येची ताटं मीच घासलीयात न्हवं?"

"मग माफी कशाला मागतेस?"

"तसं म्हटल्याबिगर तुमी कामाला परत घ्याल का न्हाय, कळंना झालतं. दूध बी कोण घेत न्हाय आता."

उद्यापासून ये, म्हटलं.

मग आशाताईकडून डेअरीच्या चेअरमनचा नंबर घेतला. मार्तंड समोरच पेपर वाचत होते. "लतिका, खरं सांगितलंस तर केस होईल सौरववर," ते म्हणाले.

"होऊ दे," म्हटलं आणि नंबर लावला.