अकरा डब्या

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल पेठापेठांत, तालमीतालमींत खेळतात आणि मॅच हरली की खेळणाऱ्यानं आठवडाभर मागच्या गल्लीनं घरी यायचं असतं. त्यामुळं ड्राफ्ट्समन म्हणून कुवेतला आलो आणि अबू हलीफाच्या वाळूत दर शुक्रवारी भारतीयांची फुटबॉल लीग चालते असं कळलं, तेव्हा मला निम्मं घर मिळाल्यासारखं झालं. गुडघा आधीच कामातून गेलेला, म्हणून खेळलो नाही. वेळापत्रक करायला लागलो. सहा टीम, प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं. तीन वर्षांत त्यावरून माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडणार कशावरून? सगळ्यांच्या वाट्याला सगळेच येत होते.

अठ्ठ्याहत्तर साली लीगनं आणखी सहा टीम घेतल्या आणि सगळं बोंबललं. मैदान एक, उन्हाळ्याआधीचे शुक्रवार वीस, दिवसाला दोन मॅच. बाराजणी एकमेकींशी एकदाच खेळल्या तरी सहासष्ट मॅच होतात, आणि जागा चाळिसांची. म्हणजे दोन गट पाडणं आलं. अ गटात सहा, ब गटात सहा, आणि प्रत्येक गटातली पहिली टीम थेट फायनलला. आता कोण कुणाशी खेळणार यावरच कप ठरणार होता.

खऱ्या दमदार टीम तीनच होत्या. एक आमच्या कंपनीची, गेली तीन वर्षं कप आमच्याच रिसेप्शनवर. दुसरी फहाहीलच्या गोवेकरांची. तिसरी हॉस्पिटलवाल्यांची, तिचा कॅप्टन जयराम. जयराम नाशिकचा, एक्स-रे टेक्निशियन, माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र. मीटिंगमध्ये त्यानं सरळ सांगितलं, "तिन्ही टीम एका गटात आल्या तर दुसरा गट म्हणजे फुकटची फायनल. आधी या तिघांची वाटणी करा, मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाका."

त्यावर आमचे पर्सोनेल मॅनेजर चंद्रहास सामंत उठले. कंपनीच्या टीमचे सर्वेसर्वा तेच. "वाटणी करणारा माणूस आला की वशिला आला," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचे विजेते म्हणून आम्ही अ गटात. बाकी अकरा टीमच्या चिठ्ठ्या टाका. आणि चिठ्ठ्या दिनकरनं काढाव्यात. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली, गाढवासारखी.

दुसऱ्या दिवशी सामंतांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाइल उघडी होती. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, महिनाअखेरीला संपत होता. नवा करायचा तर सामंतांची सही होऊन फाइल मंदूबकडं जायला हवी. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस.

"मिसेसना कितवा महिना?" सामंतांनी विचारलं.

"सातवा."

"जपा हं. आणि हे बघ, ड्रॉसाठी चिठ्ठ्या फोटोच्या रिळांच्या काळ्या डब्यांत घाल. नीट दिसतं. त्यातल्या दोन, हॉस्पिटल आणि गोवन्सच्या, आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेव. हाताला थंड लागतात. पहिल्या पाच डब्या अ गटाच्या. त्या पाचांत थंड डबी उचलायची नाही, बस्स." मग फाइल बंद करून म्हणाले, "शुक्रवारी ड्रॉ होऊ दे. शनिवारी मी ही पाठवतो."

धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मोठमोठ्यानं भांडणाऱ्या माणसाला मी कधी घाबरलो नाही, त्याला तसंच उत्तर देता येतं. या माणसानं माझ्या बायकोची चौकशी केली आणि मी गार पडलो.

कारण शामलाची दोन बाळंतपणं आधी अर्ध्यावरच गेली होती. हे तिसरं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, प्रवास नाही, जिने नाहीत, जास्त चालणंसुद्धा नाही. इकामा गेला की तिचाही गेला, दवाखान्याचं कार्ड गेलं. मग विमान, मुंबईहून कोल्हापूरपर्यंत रात्रभराची एसटी. ते पोर घरापर्यंत पोचलं नसतं. आणि या डॉक्टरीणबाईंची ओळख करून दिली होती जयरामनं. दर तपासणीला आपल्या डॅटसनमधून तोच तिला नेत होता, कारण मला ऑफिसातून सुटी मिळत नसे.

घरी येऊन मी शामलाला सगळं सांगितलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"मग करून टाका की," ती म्हणाली. "चिठ्ठ्यांनी कोण मरतंय काय? जयरामभावजींना एक कप मिळंना, एवढंच न्हवं?"

"फसवणूक आहे ती."

"असू दे. मला आता तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं बसायचं न्हाई." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "करणार म्हणा."

"करणार," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी तिनंच त्या दोन डब्या बर्फाच्या ट्रेमध्ये खुपसून ठेवल्या. शुक्रवारी दुपारी मी त्या थर्मासमध्ये घातल्या, बाकीच्या नऊ पिशवीत, आणि हवल्लीतल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलकडं निघालो. गाडी लावली. सप्टेंबरचं ऊन अजून आग ओकत होतं. थर्मास उघडून डब्या हातात घेतल्या. इतक्या गार होत्या की आंधळ्यालाही कळलं असतं.

तिथं काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. जयराम समोर बसलेला असणार आणि मी त्याच्याकडं बघून हात घालणार, हे डोळ्यांपुढं आलं. आमच्या तालमीच्या टीमला एकदा असंच ठरवून बाहेर काढलं होतं. त्या वेळी ज्यानं ते केलं त्याच्या अंगणात मी शेण फेकलं होतं. मी अकराच्या अकरा डब्या गाडीच्या बॉनेटवर ओतल्या आणि दहा मिनिटं उभा राहिलो. सगळ्या सारख्या तापल्या.

मग भीतीनं घेरलं. आकडेमोड माझा धंदाच, डोकं आपोआप चालतं. दोन्ही तगड्या टीम आपणहून ब गटात जायची शक्यता अकरात तीन. म्हणजे अकरात आठ वेळा मी, शामला आणि तिच्या पोटातलं पोर विमानात. अजून परत फिरता आलं असतं. एखादी खूण करता आली असती. पण वरून कुणीतरी हाक मारली आणि मी जिना चढलो.

हॉल भरला होता. सामंत पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. जयराम खिडकीशी. मी डब्या एका पातेल्यात ओतल्या आणि हात घातला. तळहाताला इतका घाम होता की पहिली डबी निसटली.

पहिली उघडली. रिग्गईची नवी टीम. दुसरी, साल्मियाचे शिक्षक. हॉस्पिटल आणि गोवन्स दोघीही अजून पातेल्यातच होत्या. तिसरी उघडताना कागद फाटला, बँकवाले. चौथी हातात घेतली आणि मला वाटलं, हीच. झाकण निघेना. दातानं काढलं. अबू हलीफा. मान वर करून सामंतांकडं बघायची हिंमत नव्हती. पाचवी उचलली तेव्हा मी मनातल्या मनात अंबाबाईला काय काय कबूल केलं ते मला आठवतसुद्धा नाही. उघडली. गॅरेजवाल्यांची टीम, ज्यांच्याकडं धड बूटही नव्हते.

पातेल्यात उरलेल्या सहा ब गटात. त्यांत हॉस्पिटल आणि गोवन्स, दोन्ही.

मला सुटल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांनी बघितलं.

सामंतांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. मग मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांचा माणूस, साहेबांचा ड्रॉ," आणि एकदम कालवा सुरू झाला. जयराम पुढं आला. त्यानं एकेक डबी हातात घेतली, झाकणं बघितली, चिठ्ठ्या बघितल्या. काहीच सापडलं नाही. सापडणार कुठून?

रिग्गईच्या टीमचे रामभाऊ मराठवाड्याचे, वयानं मोठे. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "काही केलं नसंल तर शपथ घ्या ना, दिनकरराव. होणाऱ्या लेकराची शपथ घ्या, आम्ही गप बसतो."

"लेकराला मधे आणू नका, रामभाऊ," जयराम म्हणाला. पण तोही माझ्याकडं बघत राहिला.

शपथ खरी होती. एक वाक्य, आणि मी मोकळा. पण दोन गेलेली होती. तिसऱ्याचं नाव तोंडी आणून, डब्यांच्या भानगडीत, शपथ घ्यायची? मी उभाच राहिलो. ती शांतता हॉलमधल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं वाचली.

"चला," जयराम म्हणाला आणि आपल्या पोरांना घेऊन जिना उतरला.

शनिवारी सामंतांनी माझ्यासमोर सही केली. फाइल मंदूबच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. "दिनकर, मला वाटलं नव्हतं तू इतक्या सफाईनं करशील. पुढच्या वर्षी लीग सोळा टीमची करू या. ड्रॉ तूच काढायचा." ते हसले. "इकामा काय, दर वर्षी येतोच."

साहेब, मी काहीच केलं नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मंदूब फाइल घेऊन अजून कॉरिडॉरमध्येच होता. मी वाक्य गिळलं.

सोमवारी शामलाची तपासणी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कारण जयराम येणार नाही अशी माझी खात्री होती. तो वेळेवर आला. शामलाला हात देऊन मागच्या सीटवर बसवलं, मी पुढं. चौथ्या सिग्नलला गाडी थांबली.

"दिनकर," तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "मला आधी राग आला. मग वहिनींचं डोक्यात आलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. सोडून दे आता."

"जयराम, मी खरंच काही केलं नाही. डब्या सगळ्या..."

"असू दे रे." त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आजारी माणसाला थोपटावं तसं. "मी विचारलं का तुला?"

मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. न केलेल्या गोष्टीची माफी घेणं किती अपमानाचं असतं ते त्या दिवशी कळलं. पण मागं शामला ऐकत होती, म्हणून मी पुढं बोललो नाही.

जयराम आमचा नंबर लावायला गेला आणि हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघंच उरलो. तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आत पोर हललं.

"भावजींना कशाला सांगत बसलाय काही केलं न्हाई म्हणून?" ती हळूच म्हणाली. "त्यांना कळतंय की. मलाही कळतंय, किती जड गेलं असंल तुम्हाला." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "खरं सांगू? शुक्रवारभर मी देवापुढं बसून होते. तुम्ही ऐनवेळी कच खाशीला, असं वाटत होतं मला. खाल्ली असती न्हवं, तर जन्मात माफ केलं नसतं मी तुम्हाला."

पोर पुन्हा हललं.

"नाही खाल्ली," मी म्हणालो.