दौऱ्यात जमलं तर

आई दवाखान्यात होती, तेव्हा पुण्याहून उत्कर्षचा फोन आला. उत्कर्ष माझा चुलतभाऊ. त्याची आई तो रांगत असतानाच गेली, आणि माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या काकूनं, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मला धपाटे, त्याला साय. तर फोनवर म्हणतो कसा, "काकू, पुढच्या आठवड्यात कंपनीचा धाराशिव दौरा आहेच. तेव्हाच येतो. एक पंथ दो काज!"

आईला त्याचंही कौतुक. "कामाचा माणूस आहे गं." शेवटी शेवटी तर एकच धोशा, "माझं लेकरू येईल. उपाशी लावून देऊ नका. पोटभर जेवून जा म्हणावं."

आणि दौऱ्याच्या आधीच आई गेली. माझ्या वडलांनी, तात्यांनी, स्वतः त्याला कळवलं. तो म्हणाला, "आत्ता निघणं अवघड आहे हो. दौऱ्यात बसायला येतोच." खांदा द्यायलासुद्धा आला नाही मेला! माझ्या मस्तकात तिडीक गेली. तात्या मात्र म्हणाले, "येईल. दिव्याला हात जोडील, काकू म्हणून एकदा रडेल. मला तेवढं बास आहे."

पाचव्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. उत्कर्ष उतरला, आणि त्याच्या मागनं त्याचे साहेब. साहेबांना बैठकीत बसवून हा मला पडवीत घेऊन आला आणि कुजबुजला, "अशे, काकू गेल्याचं बोलू नकोस. साहेब शुभ-अशुभ लई मानतात, आणि इथनं थेट देवीच्या दर्शनाला जायचंय. काकूच्या हातचं जेवू म्हणून मी आधीच सांगून बसलोय."

"अरे, सुतक तुलाही आहे की! देवळात कोणत्या तोंडानं जाणार?"

"हळू बोल ना बाई!"

आमच्या घरी चूल पेटत नव्हती. शेजारच्या नागूबाई डबा आणून देत. दुःखाच्या घरचा तो घास, पाहुण्यापुढं कसा ठेवायचा? मी डबा घट्ट धरून उभी राहिले. तात्या म्हणाले, "वाढ. तिचं सांगणं आहे."

वाढलं. पिठलं-भाकरी साहेबांनी बोटं चाटून खाल्ली. "वा! काकूंच्या हाताला चव आहे. आहेत कुठं त्या? नमस्कार करून जातो."

उत्कर्षचा घास हातात राहिला. "बाहेरगावी गेल्यात," तो म्हणाला आणि तात्यांकडं बघायला लागला.

खोटं बोललं म्हणून वर्गातल्या पोरांना उभं आयुष्य ज्यांनी छड्या दिल्या, ते माझे तात्या. भिंतीकडं बघत म्हणाले, "व्हय. जरा लांब गेलीय."

उत्कर्षनं सुटकेचा श्वास सोडला आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मला वाटलं, ताट उचलून उकिरड्यावर फेकावं, त्याच्यासकट.

साहेब हात धुऊन गाडीत जाऊन बसले. तात्या उठले. "उत्कर्ष, मधल्या घरात चल. तिला ठेवली होती तिथं दिवा आहे. हात जोड."

तो चौकटीपर्यंत आला. आत पिठावर ठेवलेला दिवा टोपलीखाली तेवत होता. तो थबकला. "तात्या, दिव्यापाशी गेलो तर परत आंघोळ करावी लागेल. साहेब खोळंबलेत. तेराव्याला बघतो. इकडं दौरा पडला तर येतोच."

तात्यांचा हात त्याच्या खांद्याकडं निघाला होता, तो तसाच खाली आला.

उत्कर्षनं बूट चढवले आणि साहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "येतो हं, तात्या!"

दुःखाच्या घरातनं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. हे त्याला आईनंच शिकवलं होतं, लहानपणी कुणाच्यातरी दारात पाठीत धपाटा घालून. माझा तोल सुटला.

"येऊ नकोस!" मी ओरडले. "दौरा पडला तरी येऊ नकोस!"

साहेबांनी काच खाली करून विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही, चेष्टा करते ती," असं हसत सांगून उत्कर्ष गाडीत बसला. गाडी देवळाच्या रस्त्याला लागली.

मी रडत आत आले. तात्या दिव्यापाशी बसले होते. वात सारून त्यांनी तेल घातलं.

"विमल, उत्कर्ष येऊन गेला गं," ते दिव्याकडं बघत म्हणाले. "पोटभर जेवला."