कंपनीचं ठरेना, कडूबाला कळेना

मी एक जुना मोबाइल आहे. रंगाने निळा, अंगाने जाड आणि एका कोपऱ्यावर टवका उडालेला. मित्रांनो, माझ्यासारखा फोन आता तुम्हाला दुकानात मिळायचा नाही. मी बिघडलो म्हणून नव्हे, मला बनवणाऱ्यांचंच काही ठरेना म्हणून.

प्रत्येक फोनच्या आत एक कार्यप्रणाली असते. ती म्हणजे फोनची समज. तिच्याच आधाराने बाकीची सगळी अ‍ॅप चालतात. माझ्या कंपनीने आधी स्वतःची प्रणाली करायला घेतली आणि अर्धवट सोडली. सगळं जग वापरतं ती घ्यावी, असं काही साहेबांना वाटत होतं, तर काहींना त्यात कमीपणा वाटत होता. शेवटी तिसऱ्याच एका मोठ्या कंपनीशी भागीदारी झाली आणि तिची प्रणाली घालून मला बाजारात आणलं. मांडव घातला, वाजंत्री आली, तरी मुलगी कुठल्या घरी द्यायची ते ठरलेलं नाही, अशातली गत. पण मी होतो मात्र देखणा. आपली तारीफ आपण करू नये, तरी सांगतो, शहागंजच्या दुकानात मला बघून माणसं थबकायची.

तिथूनच दिपालीने मला घेतलं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि साल दुष्काळाचं होतं. दिपाली ही करमाडच्या कडूबा मेंढपाळाची मुलगी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात नुकतीच लागलेली. मी काढलेले फोटो बघून तिच्या मैत्रिणी हेवा करायच्या. काही वर्षं माझी चैन होती. मग दिपाली माझ्याच पडद्यावर माझ्याविषयीच्या बातम्या वाचू लागली. भागीदार कंपनीने माझ्या कंपनीचा फोनचा धंदाच विकत घेतला. नवे साहेब म्हणाले, सगळे पर्याय खुले आहेत. पुढे म्हणाले, आणखी कुणाशी तरी बोलणी चालू आहेत. धड हो नाही आणि धड नाही नाही. आपलं नशीब आपल्याच अंगावर असं वाचलं जाताना फार वाईट वाटतं. एकेक अ‍ॅप नवं होईनासं झालं, तेव्हा दिपालीने दुसरा फोन घेतला आणि मला स्वच्छ करून वडिलांना दिलं.

कडूबाला अक्षरओळख नव्हती, म्हणून दिपालीने प्रत्येक नंबराला त्या त्या माणसाचा फोटो लावून दिला. पहिला फोटो कारभारीचा. कडूबाच्या बायकोचा, बानाबाईचा तो भाऊ. त्याचाही मोठा कळप होता. नात्यातल्या मेंढपाळांचा माझ्यावर एक गट होता. त्यात लिहिणं नाहीच, नुसते बोलके निरोप. कुठे पाणी आहे, कुठल्या रानात चारा आहे, कुठली वाट नव्या तारेच्या कुंपणाने बंद झाली, ते रोज सकाळी एकमेकांना सांगायचं. चाऱ्याचा ठावठिकाणा परक्याला सांगायचा नाही आणि आपल्या माणसापासून लपवायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. ज्याला सांगितलं नाही, तो आपल्यातून उठला असाच तिचा अर्थ.

शेंद्र्यापासून बिडकीनपर्यंत कारखाने वाढत होते आणि गायरानं कुंपणात जात होती. अशा वेळी सकाळचा तो निरोप म्हणजे कळपाचा जीव. तो मी पोचवत होतो. कडूबा मला पटक्याच्या टोकाने पुसायचा. दिपालीच्या मैत्रिणींनी केलेल्या कौतुकापेक्षा मला त्या पुसण्याचं अप्रूप जास्त होतं.

पुढच्या दुष्काळात कडूबा आणि कारभारीचं वाजलं. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. कडूबा वर्षानुवर्षं ज्या शेतात मेंढ्या बसवायचा, ते कारभारीने आपल्या कळपासाठी धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या पडद्यावर सूचना आली की निरोपाचं अ‍ॅप यापुढे या प्रणालीवर चालणार नाही. ज्या प्रणालीला तिचे मालकच विचारत नाहीत, तिच्यासाठी दुसरं कोण खपणार? कडूबाने सवयीने अंगठा दाबला आणि सूचना निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुका झालो. कडूबाने दोन-तीन सकाळी मला कानाशी धरून पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला. कारभारीने सगळ्यांना फितवलं आणि आपल्याला वाळीत टाकलं, असं त्याने मनाशी धरलं. माझा जीव तळमळत होता, पण सांगणार कसं? त्याने मला घोंगडीत गुंडाळून ठेवलं.

तेव्हा कडूबा आणि बानाबाईचा मुक्काम पैठणच्या वाटेवर एका आटत चाललेल्या तळ्यापाशी होता. पुढे कुठे जावं ते कळेना. पाण्याचा चिखल झाला. मेंढ्या तोच चिखल चाटू लागल्या आणि कोकरं एकेक करून मान टाकू लागली. भावाला विचारा, असं बानाबाई म्हणायची. कडूबाचं एकच उत्तर असे, की सांगणं त्यांचं काम आहे, आपण भीक मागायची नाही. एका सकाळी बानाबाईने मेलेलं कोकरू उचलून आणलं आणि घोंगडीतून मला बाहेर काढलं.

"अवो, रुसायचं आसंल तर माझ्या भावावर रुसा," ती म्हणाली. "मेंढरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

तिने कारभारीच्या फोटोवर बोट दाबलं. साधा फोन लावायला कुठलं अ‍ॅप लागत नाही. माझी घंटी पलीकडे वाजली आणि आनंदाने मला भरून आलं.

दुपारी कारभारी मोटारसायकलवर आला. कडूबा जागचा उठला नाही. निरोप का तोडला, एवढंच त्याने विचारलं.  कारभारीने आपला फोन काढून मधे ठेवला आणि रोज सकाळी पाठवलेले निरोप एकामागून एक लावले.

"दाजी, ढोरकीनच्या खाली, धरणाच्या पोटात, पाणी हटलंय तिथं गवत हाय. या."

"दाजी, तुमच्यासाठी जागा धरून ठिवलीय. कव्हा येता?"

"दाजी, त्या शेताचं माझं चुकलं. राग धरा, पण मेंढरं घिऊन या."

कडूबा खाली मान घालून ऐकत राहिला. 

"मला वाटलं, मी तुमच्यातून गेलो," तो म्हणाला.

"आन् मला वाटलं, तुमी माझा आवाजच ऐकत नाय."

संध्याकाळी कळप ढोरकीनच्या वाटेला लागला. उरलेल्या मेंढ्या वाचल्या.

आता मी बानाबाईच्या पिशवीत असतो, नुसत्या बोलण्यापुरता. माझ्या कंपनीचं नाव नव्या फोनांवर दिसतं म्हणे, पण ते बनवतात दुसरेच, आणि उद्या कोण बनवील ते अजून ठरायचं आहे. त्यांचं भलं होवो. मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी फोन बनवील. वाट बदलावीशी वाटली तर खुशाल बदला, पण मागे राहिलेल्यांना त्यांच्या बोलीत, त्यांना ऐकू जाईल असं सांगून जा. आणि आपल्या माणसाचा निरोप आला नाही, तर रुसून बसू नका, आपण होऊन फोन लावा. बानाबाईने लावला तो फोन थोडा आधी लागला असता, तर ती कोकरं आज कळपात असती.